आवाज येतो, शब्द येत नाहीत

रोह्याच्या एसटी स्टँडवर बाबा कंपनीच्या खाकी कपड्यांतच आले होते. पहिली पाळी होती, अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली होती. त्यांनी माझी पत्र्याची ट्रंक टपावर चढवली, नायलॉनची दोरी तीनदा आवळली आणि खाली उतरून हात झटकले. आई खिडकीशी उभी राहून सूचना देत होती. पाणी उकळून पी, भात मिळाला नाही तर उपाशी राहू नको, कोणाला उलटून बोलू नको. बाबा तिच्या मागे उभे होते. त्यांनी एकच सांगितलं, "पोचलीस की फोन कर."

गाडी सुरू झाली तेव्हा मी खिडकीतून ओरडून विचारलं, "बाबा, मला भेटायला कधी येणार?" त्यांनी हसून मान डोलावली. कधी, या प्रश्नाला मान डोलावून उत्तर देता येत नाही. नागोठण्यापर्यंत मी त्यावरच रडले. पुढे पेणला मामा गाडीत चढला. बाबांना जास्त रजा नव्हती म्हणून मला कॉलेजपर्यंत सोडायला तो येणार होता. त्याने माझे डोळे पाहिले आणि काही न विचारता पोह्याच्या पापडांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला.

रोह्याला लागून असलेल्या आपल्या वरशातून डॉक्टरीला गेलेली आमच्या आळीतली मी पहिली. नंबर लागला तो मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी, सरकारी कॉलेजात. बाबांनी नकाशात ते गाव शोधलं, बोटाने अंतर मोजलं आणि म्हणाले, "लांब हाय." त्यांच्या मनात मी रोह्यातच राहून फार्मसी करावी, मग कंपनीच्या लॅबमध्ये लागावं, असं होतं. आईने मला जाऊ दिलं, बाबांनी मला अडवलं नाही. या दोन गोष्टींत फरक आहे असं मला तेव्हा वाटायचं, आणि तो फरक मी बरीच वर्षं मनात धरून ठेवला.

तिकडची जमीन काळी, हवा कोरडी. मेसमध्ये ज्वारीची भाकरी आणि वरून तिखट पातळ भाजी. भात आठवड्यातून तीनदा, तोही चमच्याने वाढलेला. मी पहिल्याच दिवशी "मला नाय कळलं" म्हणाले आणि पंगतीतल्या मुली हसल्या. माझी रूम पार्टनर संगीता तिथल्याच तालुक्याची. ती हसली नाही, पण तिचं "काय करायलीस" मला कळायला दोन दिवस लागले. महिनाभरात माझ्या तोंडून "नाय" गेलं. पुस्तकातल्यासारखं "नाही" आलं. गावातून बाहेर पडलेल्या, हे वाचणाऱ्या तुम्हा वरसेकरांपैकी पुष्कळांचं असंच झालं असेल. कपडे बदलायला वेळ लागतो, तोंडातला शब्द मात्र महिन्यात बदलतो, कारण त्यावर लोक लगेच हसतात.

रविवारी सकाळी हॉस्टेलखालच्या एसटीडी बूथवर रांग लागायची. आमच्या घरी तोवर फोन आला होता. घंटा वाजली की बाबा उचलायचे. "हां बाय, बरी हायस ना? अभ्यास कर. आईला देतो." माझं उत्तर सुरू व्हायच्या आत फोन आईच्या हातात गेलेला असायचा. तीन वर्षं, दर रविवारी, शब्दही तेच. संगीताचे वडील तिच्याशी म्हशीच्या दुधापासून सरपंचाच्या भांडणापर्यंत सगळं बोलायचे. ती बूथमध्ये हसत असायची आणि मी बाहेर रांगेत उभी राहून हिशेब लावायची, की बाबांचा राग अजून गेलेला नाही.

अभ्यासात मी वाईट नव्हते. खरं सांगायचं तर पाठांतर हा माझा एकच हुकमी गुण होता. रोह्याच्या शाळेत त्यावर नंबर काढले, इथेही लेखी परीक्षांत तो उपयोगी पडला. हाडांची नावं, नसांचे फाटे, औषधांचे दुष्परिणाम, सगळं पानाच्या डावी-उजवीसकट आठवायचं. पण वॉर्डात गेलं की माझे हात थंड पडायचे. पेशंट माझ्याकडे पाहायचा, मी केसपेपरकडे पाहायची. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, संध्याकाळी लायब्ररी असा दिवस असायचा. त्यातली सकाळ कशीबशी ढकलायची आणि संध्याकाळी आपल्या ओळखीच्या पुस्तकांत परत यायचं, असं माझं चाललं होतं. परीक्षा पुस्तकावरच होते, हात काय इंटर्नशिपला शिकतील, अशी मी स्वतःची समजूत घालायची.

ती समजूत तिसऱ्या वर्षाच्या प्रिलिमला मोडली. कान-नाक-घशाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. आमच्या सरांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यासमोर मला बसवलं आणि ट्यूनिंग फोर्कने त्याचं ऐकणं तपासायला सांगितलं. हा दोन दांड्यांचा लोखंडी चिमटा. कोपरावर आपटला की बारीक घुमतो. तो आधी कानामागच्या हाडावर टेकवायचा, मग कानासमोर धरायचा, आणि पेशंटला कुठे किती वेळ ऐकू येतं त्यावरून दोष कुठे आहे ते ठरवायचं. मला कृती तोंडपाठ होती. मी प्रत्येक वेळी आजोबांना विचारलं, "ऐकू येतंय ना?" त्यांनी प्रत्येक वेळी सांगितलं, "येतंय की बाई." मी सरांना निष्कर्ष सांगितला, की ऐकणं नॉर्मल आहे.

सरांनी आजोबांच्या पाठीमागे जाऊन साध्या आवाजात त्यांना गावाचं नाव विचारलं. आजोबा माझ्याकडे बघून हसत राहिले.

सर माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझा प्रश्नच असा होता, त्याला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डॉक्टरीणबाईला नाही कसं म्हणायचं? "तुला उत्तर आधीच ठाऊक असतं," ते म्हणाले, "म्हणून तू ऐकत नाहीस." मग म्हणाले, सुट्टीत घरी जा आणि ज्यांना तू पूर्ण ओळखतेस असं तुला वाटतं त्यांना तपास.

त्या वर्षी हॉस्टेलला पाण्याचा टँकर चार दिवसांआड येत होता. परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या रजेत ज्यांना जमेल त्यांनी घरी जावं, अशी नोटीस लागली. मी पुस्तकांची पिशवी घेतली, एका सीनिअर मुलीकडून फोर्क मागून घेतला आणि वरशाला आले.

पहिले दोन दिवस आईवर सराव केला. आई तांदूळ निवडता निवडता बसायची, आवाज थांबला की बोट खाली करायची. चोख. शेजारच्या वहिनीवर केला, तीही ठीक. बाबा चार दिवस टाळत होते. पहिल्या पाळीवरून आले की आंघोळ, चहा आणि मग पेपर. पाचव्या दिवशी आईच म्हणाली, "बसा ना जरा पोरीसमोर, परीक्षा हाय तिची." हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

बाबा पडवीत खुर्चीवर बसले. मी सांगितलं, आवाज आहे तोवर बोट वर, थांबला की खाली. पहिल्या वेळी सगळं बरोबर आलं. दुसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी मनात सेकंद मोजायची, मोजणं संपलं की नजर वर करायची आणि नेमकं तेव्हाच त्यांचं बोट खाली यायचं.

मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि पाठीमागे उभी राहिले.

फोर्क हाडावर टेकवला. बोट वर गेलं आणि लगेच खाली आलं. मला वाटलं मीच नीट टेकवला नाही. पुन्हा केलं. तेच. दुसरा कान, तेच. आता एक शेवटची चाचणी उरली होती. पेशंटचा कान बोटाने बंद करून फोर्क त्याच्या कानामागे ठेवायचा, त्याचा आवाज संपला की तोच फोर्क तपासणाऱ्याने आपल्या कानामागे ठेवायचा, आपलाही कान तसाच बंद करून. बाबांचं बोट खाली आलं. मी फोर्क उचलून माझ्या कानामागे टेकवला. आवाज चालू होता. चांगला मोठा, घुमणारा आवाज, आणि तो पुष्कळ वेळ चालू राहिला. तो संपेपर्यंत मी त्यांच्या पाठीमागे तशीच उभी होते. त्यांचे केस मागून इतके पांढरे झालेत हे मी तेव्हाच पाहिलं.

पुढे येऊन त्यांच्यासमोर बसले. विचारलं, कधीपासून? बाबांनी आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाले, तू बारावीला होतीस तेव्हापासून. तेवीस वर्षं त्यांनी ब्लोअर आणि कॉम्प्रेसरसारख्या धडधडत्या मशीनच्या खोलीत काढली होती. सुरुवातीला रात्री कानात शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं, मग ती शिट्टी दिवसाही राहिली आणि बाकीचे आवाज कमी झाले. कंपनीत वर्षाला तपासणी व्हायची. तिथे विचारायचे, ऐकायला येतं ना? ते हो म्हणायचे. मला आमच्या प्रिलिममधले आजोबा आठवले आणि मान वर करवेना.

मशीनचं काय करता, मी विचारलं. कारण बाबांना मशीनच्या आवाजावरून बिघाड कळतो, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी हात पुढे करून तळवा दाखवला. आता हातावरून कळतं, म्हणाले. पत्र्यावर तळवा सपाट ठेवायचा आणि घाई करायची नाही.

मग मी फोनचं विचारलं.

"फोनवर तुझा आवाज येतो," ते म्हणाले. "तूच हायस हे कळतं. शब्द नाय येत. मग आईला देतो."

मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं. तीन वर्षांचे रविवार माझ्या डोळ्यांपुढून जात होते. मी किती सहज ठरवून टाकलं होतं, आणि कोणाला एकदाही विचारलं नव्हतं. आईला सगळं ठाऊक होतं. ती त्यांच्याशी बोलताना नेहमी समोर येऊन बोलायची. मला वाटायचं, तिची तशी सवयच आहे.

संध्याकाळी बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि त्यानंतर मला अभ्यास सुचेना. प्लँटमध्ये गॅस सुटला की भोंगा होतो. तो त्यांना मशीनच्या गोंगाटात कळत नाही. मग काय करता? "बाकीची माणसं कुठं पळतात ते बघतो," ते म्हणाले.

मी भांडले. साहेबांना सांगा म्हटलं. ते म्हणाले, सांगितलं की प्लँटमधून काढून कुठेतरी बसवतील. नवीन पोरं माझ्याकडं शिकायला येतात, ती उद्या मला बहिरा म्हणून हाका मारतील. आणि तू अजून डॉक्टर झालेली नाहीस. शेवटी आम्ही तोडगा काढला, की मी पास व्हायचं आणि मग त्यांनी सांगायचं. परत निघायच्या आदल्या दिवशी मी कोणाला न सांगता कंपनीच्या गेटपर्यंत चालत गेले. आत जाऊन कोणालातरी सांगून टाकावं असं मनात होतं. वॉचमनने ओळखलं, बाबांचं नाव घेऊन काय काम आहे विचारलं. मी म्हटलं, काही नाही, अशीच आले होते. त्यांनी माझ्यासमोर डोळे मिटले होते ते माझी परीक्षा आहे म्हणून. तेव्हा कळलेली गोष्ट त्यांच्या नकळत कंपनीत नेऊन पोचवणं मला जमलं नाही. ते बरोबर होतं की नुसती भीती होती, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

परीक्षेत माझ्यासमोर एक ऊसतोडीला जाणारी बाई आली. मी तिला "ऐकू येतंय ना" असं विचारलं नाही. काय होतंय ते सांगा म्हटलं आणि थांबले. ती बोलत राहिली. परीक्षक घड्याळ पाहत होते, मी पाहिलं नाही. तपासायची वेळ आली तेव्हा माझे हात थंड होते, पण टेकवल्यावर मी ते घाईने उचलले नाहीत. व्हायवात मला नेमकं मोठ्या आवाजाने येणाऱ्या बहिरेपणावर विचारलं. मी पुस्तकातलं उत्तर दिलं, कामाची जागा बदलणे यासकट. पास झाले. नंबर वगैरे काही आला नाही, त्याआधी कधी इतके कमी मार्क मला मिळाले नव्हते.

बाबांनी मात्र शब्द पाळला नाही. रविवारी फोन केला की आई आवाज खाली आणून म्हणायची, नाय अजून. मग मी पत्र लिहायला बसले. पहिला कागद शुद्ध मराठीत लिहिला आणि फाडला. तो कोणा साहेबाने लिहिल्यासारखा वाटत होता. दुसरा आमच्या घरात बोलतो तसा लिहिला, मोठ्या अक्षरांत. रागावले होते ते लिहिलं, फोनवरून काय समजत होते तेही लिहिलं. शेवटी लिहिलं, "बाबा, भोंगा होईल तेव्हा तुमच्या आजूबाजूला कोणीच नसला तर कोणाकडं बघाल?"

उत्तर यायला वीस दिवस लागले. वहीचं पान, उजवीकडे वर चढत जाणाऱ्या ओळी. सायबांना सांगितलं. स्टोअरला टाकलाय. पहिले तीन दिवस घरी कोणाशी बोललो नाय. तिथं आवाज अजिबात नाय म्हणतात, मला त्याचा काय उपयोग. पोरं अजून मशीन बिघडली की बोलवायला येतात. खाली सही, कंपनीच्या रजिस्टरात करायचे तशी, पूर्ण नावाची.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी पत्र येऊ लागलं, आणि मला माझ्या वडिलांची ओळख झाली. हा माणूस बोलका होता. कुंडलिका नदीला पाणी किती चढलं, समोरच्या भातशेतात भराव टाकून प्लॉट पाडले, त्या प्लॉटवर पनवेलचे लोक घरं बांधायला लागले, आईने नव्या शेजारणीशी भांडण काढलं आणि गणपतीत स्वतःच मिटवलं, हे सगळं मला त्यांच्या अक्षरांतून कळलं. वरशात राहत होते तेव्हा मला वरसे एवढं ठाऊक नव्हतं. संगीता आता माझ्या पत्रांची वाट बघायची. तिला वाचून दाखवताना माझ्या तोंडी पुन्हा "नाय" आणि "हाय" येऊ लागलं आणि मी ते येऊ दिलं.

इंटर्नशिप झाली, लग्न तिकडच्याच एका शिक्षकाशी झालं, दवाखाना तिथल्याच तालुक्याला टाकला. माझा मुलगा "काय करायलाव" म्हणतो आणि मला त्यात काही वेगळं वाटत नाही. बाबा निवृत्त झाले. कानाचं मशीन आणलं ते त्यांना आवडलं नाही, बहुतेक वेळ डबीतच असतं. तुमच्यापैकी काहीजण भेटलात की विचारता, इतकं शिकलीस, रोह्यात का नाही आलीस? दोनदा यायचं ठरवलं होतं. दोन्ही वेळा तिकडचं काहीतरी अर्धवट होतं. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. वरसे हे घर आहे का, असं विचारलंत तर बरीच वर्षं मी पटकन हो म्हणायची. आता जरा थांबते.

कारण गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आईला एक साधी गोष्ट विचारली. तिचं ब्लडप्रेशर बघत होते. आयुष्यभर मी तिला तुला काय होतंय, गोळी घेतलीस का, एवढंच विचारत आले होते. त्या दिवशी विचारलं, आई, तुला काय पाहिजे? आणि पट्टा सोडवून गप्प बसले. मग म्हणाली, "मला एकदा आमच्या मिठागरावर जायचं हाय."

आईचं माहेर पेणच्या खारेपाटातलं, खाडीकाठचं. मामा पुढे पेण गावात राहायला आला, त्यामुळे आमचं जाणं पेणपर्यंतच असायचं. तिथून पुढचं गाव मी लहानपणी एकदाच पाहिलेलं. सतराव्या वर्षी आई तिथून वरशाला आली. तेव्हा तिच्या बोलण्याला सासरी सगळे हसायचे म्हणून तिने वर्षभरात ते बोलणं बंद केलं. हे तिने मिठागराकडे जाताना गाडीत सांगितलं, पुढच्या सीटवर बसून, काचेतून बाहेर बघत. मी हॉस्टेलातल्या पंगतीची गोष्ट तिला कितीदा ऐकवली होती. तेव्हा तिने हूं हूं केलं होतं, बाकी काही नाही. आमच्या घरातून सगळ्यात आधी लांब गेलेली ती होती. तिचं जाणं आम्ही लग्न म्हणून मोजलं होतं.

खाडीच्या बांधावर गाडी थांबवली. मिठागरं थोडी उरली आहेत, बरीचशी पडून आहेत. एक म्हातारी बांधावरून येत होती. आईने तिला निरखून पाहिलं आणि नावाने हाक मारली. लहानपणी दोघी एकत्र मीठ वाहायच्या. ती जवळ आली आणि आई बोलू लागली. इतक्या वेगाने, इतक्या मोठ्याने, हातवारे करत. कडक, तुटक, चढउताराचं बोलणं, त्यातला एखादाच शब्द माझ्या ओळखीचा. मी चाळीस वर्षं जिला ऐकत आले होते, तिचा हा आवाज मला नवा होता.

बाबा माझ्या शेजारी उभे होते, मशीन घरी विसरून. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"काय बोलते ती?"

मी त्यांच्या समोर गेले, म्हणजे ओठ दिसावेत. "मला पण नाय कळत," मी म्हटलं.

बाबा हसले. मग आम्ही दोघं बांधाच्या कडेला बसलो आणि तिचं बोलून होईपर्यंत थांबलो. तिला उशीर होतोय असं कोणीच म्हणालं नाही.